जखमेची कड

नागसेनमामाने सदरा वर उचलला, कमरेला गच्च बांधलेलं फडकं एका हाताने सोडलं आणि त्यातून करंगळीएवढी काचेची बाटली काढून भाचीच्या हातावर ठेवली.

“घे पिंके. मुंबईपासनं डोळ्याला डोळा लागू दिला न्हाई बघ.”

डॉक्टर प्रियदर्शनीला पिंकी म्हणणारा सांगलीच्या त्या अख्ख्या मेडिकल कॉलेजात हा एकच माणूस. एरवी ती हसली असती. पण बाटली हाताला ऊन लागली.

“मामा, बर्फाची पेटी कुठाय?”

“ती व्हय? दादरलाच टाकली. आसली पांढरीफेक पेटी मांडीवर घिऊन बसायचं म्हंजे चोराला आवतणच की! सोनं काय आपण पिशवीतनं नेतो व्हय?”

झालं! विट्याकडची ही माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायच्या दुकानांत, देशभर पांगलेली. मोलाची वस्तू अंगाला चिकटवूनच न्यायची, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. मामा तर मिसरूड फुटल्यापासून मुंबईत अशाच एका दुकानात भट्टीपुढे बसलेला. भाचीची वस्तू सोन्याहून जपायची म्हणून त्याने ती रात्रभर पोटाशी धरली, आणि जिला गारठ्यात राहायचं होतं ती बाटली चांगली शेकून निघाली. आता बोलणार तरी कुणाला?

बाटलीत सशाच्या रक्तातून काढलेली अँटिबॉडी होती. जंतू मारण्यासाठी माणसाची कातडी स्वतःच एक बारीकसं प्रथिन तयार करते, हे परदेशात नुकतंच कळलं होतं. ते प्रथिन असं दिसत नाही. ही अँटिबॉडी त्याला बरोबर हुडकते, चिकटते, आणि मग रंग चढवला की तेवढीच जागा तपकिरी होते. प्रियदर्शनीच्या एम.डी.चा सगळा प्रबंध या बाटलीवर उभा होता. तिच्या मार्गदर्शक सरांनी तिकडच्या एका प्रयोगशाळेच्या हातापाया पडून ती मागवलेली, आणि मुंबईला उतरली की मामाने ती सांगलीला आणायची असं ठरलेलं. दुसरी मागायला तोंड नव्हतं.

“ती गारच ऱ्हायाला पायजे हुती, मामा. उबेनं मरती ती.”

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. डावा हात त्याने खांद्यावरच्या टॉवेलात आणखी आत ओढला. गेल्या साली दुकानात त्या हातावर ॲसिड सांडलं, जखम चिघळली, आणि इथेच ऑपरेशन करून दोन बोटं काढावी लागली. तेव्हापासून तो हात कुणाला दिसलेला नव्हता.

“म्हंजे मीच नासवली,” तो म्हणाला. “माझं अंगच आसलं. दुसऱ्याची जखम भरती, माझी सडती. माझ्या आंगात दमच न्हाई.”

“आसं बोलू नका. लावून तर बघू.”

तिने काचेच्या दोन पट्ट्या घेतल्या. एकीवर धडधाकट कातडीचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप, दुसरीवर जखमेच्या कडेचा. नावं नव्हती, नुसते नंबर. थेंब टाकले, वाट पाहिली, धुतलं, रंग चढवला. मामा दाराशी स्टुलावर बसून राहिला. समोरच्या चहावर साय धरली तरी त्याने कप उचलला नाही.

दुपार कलता कलता तिने पहिली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. सगळीकडे पेशींचे निळे ठिपके. तपकिरी रंगाचा मागमूस नाही. तिचे डोळे भरून आले. गेली बाटली!

मग तिने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. अगं वेडे, ही तर धडधाकट कातडी! जखमच नाही तिथे कातडी औषध कशाला करील? तिने दुसरी पट्टी ठेवली.

“आई गं!”

कडेकडेने तपकिरी रंग पेटला होता. जखमेलगत गडद, दूर जावं तसा फिका. कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि ह्या एवढ्याशा कातडीने फाटता फाटता आपलं औषध आपणच करायला घेतलं होतं! तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पुस्तकात वाचलेलं वेगळं आणि हे असं समोर दिसणं वेगळं.

“बाटली जिती हाय, मामा! या, बघा तरी.”

मामाने एक डोळा मिटून पाहिलं.

“ह्यो तांबूस पट्टा?”

“त्येच. कातडीनं सोता केल्यालं औशिद.”

“आगा बाबौ! मग ह्या मान्साची जखम भरली आसंल.”

“न्हाई भरली. जंतू लय माजलं हुतं. पर बघा की, कातडी शेवटपत्तूर लढत हुती.”

“कोन मानूस?”

प्रियदर्शनी घुटमळली. ऑपरेशनच्या वेळी तिनेच त्याला विचारून तो तुकडा मागून घेतला होता. दुखण्याच्या भरात मामाने हो म्हटलं आणि पार विसरून गेला.

“नाव सांगायचं नसतं, मामा,” ती म्हणाली. “गलाईवाला हाय. डावा हात.”

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग पुन्हा वाकला आणि नीट दिसावं म्हणून त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले. टॉवेल खाली पडला. तीन बोटांचा तो हात उजेडात तसाच राहिला.

“लय लढला की गं गडी,” तो हळूच म्हणाला.