विजयश्रीचं एकटीचं फिटिंग

विजयश्री सिंकखाली उताणी पडली होती आणि गणराजला तिचे फक्त पाय दिसत होते. त्या पायांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

"माणूस पाठवतो म्हणाले होते," तो दुसऱ्यांदा म्हणाला.

"मी माणूसच हाय की दादा," खालून आवाज आला. "तो पाना द्या तेवढा."

त्यानं पाना खाली सरकवला.

काम सरळ होतं. खरकटं बारीक करून पाण्याबरोबर वाहून नेणारं मशीन सिंकच्या भोकाखाली टांगायचं. चाकणच्या कंपनीत तीन वर्षं लाइनवर नटबोल्ट आवळलेल्या बाईला त्याचं काय कौतुक? पण हे तिचं एकटीचं पहिलंच काम होतं. कंपनीतलं कंत्राट संपल्यापासून दोन वर्षं ती भिमाजी मिस्त्रीच्या मागं हत्यारांची पिशवी वाहत होती. आज गिऱ्हाइकानं कामाच्या कागदावर तक्रारीविना सही केली, तर उद्यापासून तिला स्वतःची कामं मिळणार होती. तक्रार आली, तर पुन्हा पिशवी. भिमाजीनं हे हसत सांगितलं होतं, आणि तो हसत सांगतो तेच खरं करतो.

मशीन टांगून तिनं सिंक काठोकाठ भरून पाणी सोडलं. खाली अंथरलेला पेपर कोरडा ठणठणीत राहिला. मग ती वायर जोडायला पुन्हा खाली शिरली, तोवर वर उदबत्तीचा वास सुटला.

गणराजची आई इंदुताई मूळच्या पिंपळे सौदागरच्याच. सोसायटीचं पार्किंग आहे तिथं त्यांनी ज्वारी काढलेली. लेकानं सकाळीच बजावलं होतं, "आई, मशीनला पूजाबिजा करत बसू नकोस." आता तो फोनवर बोलत बाल्कनीत गेला होता, आणि घरात आलेल्या नव्या यंत्राला हळदकुंकू नाही हे इंदुताईंना काही केल्या पटेना.

विजयश्री बाहेर आली तेव्हा सिंकच्या काठावर दोन बोटं कुंकू आणि शेवंतीचं फूल होतं. तिला त्यात वावगं वाटलं नाही. कंपनीत पत्रा दाबायची नवी प्रेस आली तेव्हा साहेबांनी बूट काढून नारळ फोडला होता. तिनं फूल अलगद बाजूला ठेवलं.

फोन संपवून आत आलेल्या गणराजनं बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, कण्हलं आणि बंद पडलं.

"जळलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला बोलावतो मी. आणि कागदावर लिहिणारच."

"जळलं तर वास येतो," विजयश्री म्हणाली. "हितं नुसता उदबत्तीचा येतोय. थांबा जरा."

तिनं प्लग काढला, षटकोनी एलन की मशीनच्या बुडात घालून फिरवली. एकीकडं फिरली, दुसरीकडं अडली. म्हणजे आत कडक काहीतरी होतं. मोबाइलचा उजेड पाडून तिनं गॅसजवळचा चिमटा आत घातला, आणि वर आली एक सुपारी, कुंकवानं माखलेली.

तिनं मान वळवली. दारात इंदुताई पदर पिळत उभ्या होत्या. परक्या बाईसमोर लेक आता काय काय बोलेल, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. विजयश्रीनं मूठ मिटली.

"काय होतं?" गणराजनं विचारलं.

"अडकलं होतं कायतरी. निघालं."

प्लग परत लावून, बुडाचं रीसेटचं लाल बटण दाबून तिनं मशीन लावलं. मेथीच्या काड्या, भाताची शितं, सगळं पाच सेकंदांत गडप. मशीन झकास चाललं होतं. पण गणराजनं पेन उघडलं होतं. "कायतरी म्हणजे तुमचाच एखादा स्क्रू पडला असणार. पहिल्याच झटक्याला बंद, हे लिहायलाच पाहिजे."

विजयश्रीला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आपलं काम चोख आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांची वणवण एका ओळीत वाया जाणार होती. तरी मूठ उघडायला तिचं मन धजेना.

"आण तो कागूद," इंदुताई म्हणाल्या.

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला न्हाई तर कुणाला? गणपती म्हणून सुपारी म्या ठिवली व्हती. सटकून आत गेली. तुला भिऊन बोलले न्हाई."

त्यांनी लेकाच्या हातातून पेन घेतलं. शाळा चौथीपर्यंतच झालेली. एकेक अक्षर लावत त्यांनी तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, 'मशीन मी अडवलं. पोरीनं चालू केलं.' खाली स्वतःची सही ठोकली आणि कागद लेकापुढं सरकवला.

"आता तू कर."

गणराजनं सही केली.