जावयाची नाजूक तब्येत

माझा आवाज तिशीतला आहे आणि पोट साठीतलं. मी स्वतः या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे, म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावर. रेडिओवर नोकरी करणाऱ्या माणसाची ही एक सोय असते. लोकांपर्यंत फक्त आवाज पोचतो, पोट स्टुडिओतच राहतं.

रोज सकाळी मी ‘तब्येत काय म्हणते?’ नावाचा कार्यक्रम सादर करतो. एक डॉक्टरबाई मजकूर लिहून पाठवतात, मी तो वाचतो. मीठ कमी खा, झोप पुरेशी घ्या, चिडचिड करू नका. वाचून झालं की माइकवरचा लाल दिवा विझतो आणि मी खाली कँटीनमध्ये जाऊन लोणी लावलेला पाव खातो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आमचे सहकारी म्हणायचे. त्यात एक चूक होती. कोरडा मी कधीच नव्हतो, भरपूर लोणी लावलेला पाषाण होतो.

हे असंच निवृत्तीपर्यंत सुखात चाललं असतं, पण एका सकाळी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. स्टुडिओ सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि मला आधीच उशीर झालेला. मी जिन्यानं पळत सुटलो. म्हणजे पहिल्या मजल्यापर्यंत पळालो, दुसऱ्यापर्यंत चाललो आणि तिथून पुढे कठडा धरून स्वतःला सामानासारखं वर ओढत नेलं. खुर्चीत पडलो तेवढ्यात काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टबाईंनी बोट दाखवलं आणि दिवा लागला.

त्या दिवसाचा मजकूर नेमका जिन्यावर होता.

“नमस्कार... हा... मंडळी. लिफ्ट... हा... टाळा. जिना चढल्यानं... हा... हृदय...”

हृदयाच्या पुढे मी गेलोच नाही. रेकॉर्डिस्टबाईंनी घाईघाईनं बासरीची ध्वनिफीत लावली.

दुपारी केंद्रप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं. ते कधी ओरडत नाहीत, हीच त्यांची वाईट गोष्ट.

“फोन आलेत,” ते म्हणाले. “एक आजी विचारत होत्या, निवेदकाला दवाखान्यात नेलं का. आणि एका गृहस्थांची तक्रार आहे, की सकाळी मुलाबाळांच्या देखत असले आवाज रेडिओवर ऐकवू नयेत.”

“कसले आवाज, सर?”

“ते मी तुम्हाला करून दाखवणार नाही.”

त्या दिवशी मी ठरवलं, आता बस्स. आता शरीर कमवायचं. माझा स्वभाव असा, की एखादी गोष्ट करायची नाही म्हटलं तर वर्षानुवर्षं करत नाही आणि करायची म्हटली की त्याच संध्याकाळपर्यंत संपवायला बघतो.

संध्याकाळी मी व्यायामशाळेत नाव घातलं. तिथला प्रशिक्षक पंचविशीचा होता. त्याच्या दंडाचा घेर माझ्या मांडीएवढा होता असं लिहिणार होतो, पण माझ्या मांडीएवढं तिथे काहीच नव्हतं.

“सर, तुमचा गोल काय आहे?” त्यानं विचारलं.

मी पोटाकडे बोट दाखवलं. “हाच.”

तो हसला नाही. त्याला वाटलं मी प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि एका अर्थी ते बरोबरच होतं. त्यानं मला ट्रेडमिलच्या पट्ट्यावर उभं केलं, बटण दाबलं आणि स्वतः आरशासमोर जाऊन उभा राहिला. पट्टा पुढे आणि मी मागे, अशी आमची शर्यत थोडा वेळ चालली. पट्टा जिंकला. शेजारच्या यंत्रावरच्या बाईंनी माझा दंड धरला म्हणून दात वाचले.

व्यायाम जमत नाही म्हटल्यावर मी गोळ्यांकडे वळलो. चालायला पाय लागतात, गिळायला नुसता घसा, आणि घसा हेच तर माझं भांडवल. प्रशिक्षकानं प्रोटीनची पावडर सांगितली. ऑफिसातल्या हिशेबनिसानं माशाच्या तेलाच्या गोळ्या सुचवल्या. मोबाइलवर एक टक्कल पडलेले गृहस्थ सगळ्या रोगांचं मूळ हाडांत आहे असं सांगायचे, त्यांचं ऐकून कॅल्शियम आणलं. मग आणखी एक बाई दिसल्या, त्या म्हणाल्या ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम म्हणजे चावीशिवाय कुलूप. चावीही आणली. मग हाडांसाठी, सांध्यांसाठी, ताकदीसाठी जो डबा दिसेल तो आणत गेलो. आमच्या जेवणाच्या टेबलावर डब्यांची अशी गर्दी झाली, की ताटं ठेवायला जागा उरेना. तशी ताटांची गरजही उरली नव्हती, कारण मी जेवण जवळजवळ सोडलंच होतं. सकाळी पावडर, दुपारी काकडी, संध्याकाळी पश्चात्ताप.

माझी बायको ग्रंथालयात काम करते. नुसत्या नजरेनं माणसं गप्प करायची तिला सवय आहे. एरवी ती मला अरे-तुरे करते. ‘अहो’ म्हणाली, की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं.

“अहो,” ती म्हणाली, “बाबा येणारेत राहायला. गुडघा बदलायचं ऑपरेशन झालंय त्यांचं. त्यांना हे टेबल लागेल. जेवायला.”

माझे सासरे आयुष्यभर बंदरात क्रेन चालवत होते. उंचावरच्या त्या केबिनमध्ये बसून माणसांकडे वरून बघायची त्यांना सवय लागलेली, आणि जमिनीवर आल्यावरही ती गेली नव्हती. आमच्या लग्नाच्या वेळी मी रेडिओवर बोलतो हे ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “आणि काम काय करता?” तेव्हापासून आमचं बोलणं हवापाण्यापलीकडे कधी गेलं नव्हतं.

ते आले, खुर्चीत बसले आणि उठेनात. फिजिओथेरपिस्टनं रोज चालायला सांगितलं होतं. ते म्हणायचे, उद्या. त्यांनी माझे डबे एकेक उचलून चष्म्याजवळ नेले आणि परत ठेवले. “गोदाम आहे,” एवढंच म्हणाले.

इकडे माझी तब्येत बिघडत चालली होती. तोंडाला कोरड पडायची, मळमळायचं, पोट साफ होईना आणि सारखं लघवीला जावं लागे. मोबाइलवरच्या टकल्या गृहस्थांनी सांगून ठेवलं होतं, की सुरुवातीला त्रास होतो, तो शरीरातला कचरा बाहेर पडत असल्याचा. मला तर आनंदच झाला. केवढा कचरा होता माझ्यात!

पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाई मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओत आल्या. बोलता बोलता मी पाण्याचा अख्खा जग संपवला आणि दोनदा ध्वनिमुद्रण थांबवून बाहेर जाऊन आलो. दुसऱ्यांदा परत आलो तर त्या कागद बाजूला ठेवून माझ्याकडे बघत बसल्या होत्या.

“काय घेताय तुम्ही?”

“तसं विशेष काही नाही. थोडं सप्लिमेंट वगैरे.”

“उद्या सगळं घेऊन दवाखान्यात या.”

दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरून नेली. त्यांनी एकेक डबा काढला, मागची बारीक अक्षरं वाचली आणि टेबलाच्या दोन बाजूंना मांडत गेल्या. एका बाजूला फारच गर्दी झाली.

“या सगळ्यांत एकच गोष्ट आहे,” त्या म्हणाल्या. “नावं वेगळी, झाकणं वेगळी. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. पावडरमध्येही तेच आहे. तुम्ही दिवसभर तेच तेच खाताय.”

“पण व्हिटॅमिन तर चांगलं ना?”

“मागच्या महिन्यात तुम्हीच वाचलंत की, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका म्हणून.”

“हो,” मी म्हणालो. “छान वाचलं होतं.”

रक्त तपासलं. कॅल्शियम वाढलं होतं. आणखी काही दिवस असंच चाललं असतं तर मूत्रपिंडांनी संप पुकारला असता, असं त्या म्हणाल्या. अति तेथे माती हे मला ठाऊक होतं, ती माती आपल्या नावची असू शकते हे ठाऊक नव्हतं. सगळे डबे बंद. भरपूर पाणी. दोन वेळा साधं जेवण, पोटभर, पण पोट फुटेस्तोवर नाही. काही दिवसांनी पुन्हा तपासणी. आणि रोज चालणं.

“किती?” मी उत्साहानं विचारलं.

“दमायच्या आधी घरी येण्याइतकं,” त्या म्हणाल्या.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, “एक काम कर. बाबांना फिरायला घेऊन जा. ते एकटे जायला घाबरतात, पण कबूल करणार नाहीत. तू बरोबर असलास की निघतील.”

मला बरं वाटलं. स्वतःसाठी चालायचं म्हणजे शिक्षा, दुसऱ्यासाठी चालायचं म्हणजे उपकार. आणि उपकार करायला मला आवडतं.

दुसऱ्या दिवशी सासरे आश्चर्यकारकपणे लगेच उठले. हातात काठी, पायात बूट. आम्ही घरामागच्या कालव्याच्या काठानं निघालो. मला वाटलं होतं, यांच्या गतीनं चालायचं म्हणजे मला उभ्या उभ्या झोप लागेल. प्रत्यक्षात आमची गती अगदी जुळली. ते गुडघ्यामुळे थांबायचे, मी ते थांबले म्हणून थांबायचो आणि मनातल्या मनात त्यांचे आभार मानायचो.

पहिले काही दिवस आम्ही हवापाण्यावर बोललो. मग हवा संपली. एकदा मी सहज विचारलं, “क्रेनवर चढताना भीती नाही वाटायची?”

“चढताना कसली भीती?” ते म्हणाले. “वर बघत चढायचं. भीती उतरताना. पाय खाली टाकायचा आणि खाली पायरी आहे की नाही ते दिसत नाही.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “हे मी घरी कधी कुणाला सांगितलं नाही.”

कालव्यावर एक छोटा पादचारी पूल होता. दोन्ही बाजूंना पायऱ्या. आम्ही रोज त्याच्या अलीकडूनच परतायचो. एक दिवस ते थेट पायऱ्या चढले. मी मागोमाग. वर थोडा वेळ उभे राहून पाणी बघितलं. उतरायची वेळ आली आणि ते थबकले. काठीची मूठ त्यांनी इतकी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली.

मी एक पायरी खाली उतरलो, वळलो आणि हात पुढे केला. “पायरी आहे, बाबा. मी तिच्यावरच उभा आहे. आणि मला पेलतेय म्हणजे कुणालाही पेलेल.”

ते हसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांना हसताना मी पहिल्यांदा एवढ्या जवळून बघत होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही एकेक पायरी उतरलो. दर पायरीला एक गुडघा कटकन वाजत होता. तो त्यांचा नव्हता, त्यांचा नवा होता.

त्यानंतर पूल रोजचाच झाला. एका सकाळी पलीकडच्या बाकावर त्यांचे बंदरातले एक जुने सहकारी भेटले. मी जरा मागे, बुटाची नाडी बांधायला वाकलो होतो. एकदा वाकलो की वर यायला मला वेळ लागतो, त्यामुळे त्यांचं बोलणं नीट ऐकू आलं.

“हे कोण?” सहकाऱ्यांनी विचारलं.

“जावई,” सासरे आवाज खाली आणून म्हणाले. “तब्येतीनं जरा नाजूक आहेत. रक्तात काहीतरी वाढलंय. एकटे चालायला घाबरतात, पण कबूल करत नाहीत. मुलीनं सांगितलं, बाबा, तुम्ही बरोबर असलात की निघतील. म्हणून आणतो फिरवून.”

मी नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. वर बघायची हिंमत होईना.

घरी आल्यावर बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. “तू बाबांना काय सांगितलंस माझ्याबद्दल?”

“जे तुला त्यांच्याबद्दल सांगितलं तेच.”

“म्हणजे आम्हाला दोघांनाही फसवलंस?”

“यात खोटं काय होतं ते सांग,” ती म्हणाली आणि पोळपाट माझ्या हातात देऊन धुवायला लावला. खूप विचार केला, पण मला खोटं काही सापडलं नाही.

दुसऱ्या तपासणीत रक्त ठीक निघालं. पोट अजून आहे, पण पूर्वी ते माझ्या आधी खोलीत शिरायचं, आता आम्ही साधारण एकदमच शिरतो. कँटीनमध्ये अधूनमधून जातो. संत झालोय असं कुणी समजू नये.

सासऱ्यांचा गुडघा बरा झाला आणि ते आपल्या घरी गेले. दुसऱ्या सकाळी मी अंथरुणात पडून राहिलो. कुणावर उपकार करायचे, हा प्रश्न होता. त्याच्या पुढच्या सकाळीही तेच. तिसऱ्या दिवशी बायकोनं माझ्याकडे तिची ती ग्रंथालयातली नजर टाकली. मी उठलो, बूट घातले आणि कालव्याच्या काठानं सरळ चालत सुटलो. त्यांचं घर चांगलंच लांब आहे. पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता आणि परतीला टॅक्सी करायची हे मी अर्ध्या वाटेतच ठरवून टाकलं होतं.

सासरे फाटकाशीच उभे होते. पायात बूट होते आणि हातात काठी नव्हती.

“कालच येणार वाटलं होतं,” ते म्हणाले. “बसायचंय थोडं, की निघायचं?”

मला बसायचं होतं. मी म्हणालो, “निघू.”