रुपरावांच्या रविवारच्या चाली

मित्रांनो, माझे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. मी कॉन्सर्टिना आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. मला बाजाच्या पेटीचा दूरचा भाऊ समजा. दोन्ही हातांत मावेन एवढाच मी आहे. मधे कातड्याचा घडीचा भाता आणि दोन्ही टोकांना बटणे. माझे सूर दोन हातांत वाटलेले आहेत. सा डावीकडे, तर रे उजवीकडे, ग पुन्हा डावीकडे. त्यामुळे एका हाताने माझ्यावर सरगमसुद्धा वाजत नाही.

माझा जन्म दूरदेशी झाला. रेल्वेतल्या एका गार्डसाहेबांनी मला नागपुरात आणले. पुढे त्यांचे घरचे लोक शहर सोडून गेले आणि मी भंगारच्या दुकानात मोडक्या पंख्यांखाली पडलो. तिथे मला रुपराव भेटले.

रुपराव लकडगंजमधल्या एका आरागिरणीत लाकूड कापायचे. आठवडाभर करवतीचा कर्कश आवाज त्यांच्या कानात भरून राहायचा. रविवार आला की मला पिशवीत घालून ते उमरेडची एसटी पकडायचे. वाटेत मन होईल तिथे उतरायचे आणि शेतांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत सुटायचे. पळस फुललेला असो की रान करपलेले असो, एखाद्या मोहाच्या झाडाखाली बसून ते बराच वेळ नुसते ऐकायचे. मग बोटे हळूहळू माझ्यावर फिरू लागायची.

अशा कितीतरी चाली जन्मल्या. तळ्याकाठी ओरडत उडणाऱ्या टिटवीची एक. उमरेडच्या विणकरांच्या हातमागाची एक, तिची लय इतकी पक्की, की मला स्वतःलाच मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा झाल्यासारखे वाटायचे. या चाली दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या, फक्त आमच्या होत्या. वस्तीतल्या एका लग्नात रुपरावांनी टिटवीची चाल वाजवली. "काका, पिक्चरचं गाणं येते का?" कुणीतरी विचारले. रुपराव हसले, मला पिशवीत घातले आणि घरी आले. त्यानंतर ते लोकांत कधी वाजवायला बसले नाहीत.

घरात ते एकटेच. शेजारच्या खोलीत मीराबाई शिवणकाम करायच्या. आम्ही सुरू झालो की भिंतीपलीकडचे शिलाई मशीन बंद पडायचे. रुपराव मला कुजबुजत म्हणायचे, "बाईले तरास होऊन राहिला वाटते." मग ते भाता हळू ओढायचे. वर्षे गेली तसा माझा आवाज लहान लहान होत गेला. शेवटी शेवटी तर माझा सूर माझ्याच भात्याबाहेर पडत नसे.

मग रुपरावांना लकवा झाला. डावा हात निकामी झाला. दवाखान्यातून परतल्यावर त्यांनी मला मांडीवर घेतले आणि उजव्या हाताने टिटवीची चाल धरली. एक सूर निघाला, पुढचा निघेना. ती ओळखूच येईना. त्या चाली कागदावर कुठेच नव्हत्या. त्यांनी माझ्यावर पंचा टाकला. त्या अंधारात मी किती दिवस होतो, ते मला सांगता येणार नाही.

एका दुपारी मीराबाई भाकरी घेऊन आल्या. ताट ठेवताना सहज विचारल्यासारखे म्हणाल्या, "भाऊ, आजकाल काहून वाजवत नाही?"

"हात गेला नं, बाई. आन् तुमाले तरास होत होता. मशीन बंद करत होत्या तुम्ही."

मीराबाई थक्क झाल्या. "तरास? मशीनच्या आवाजात आयकू येत नव्हतं म्हणून बंद करत होती मी! तुम्ही तं आवाज कमीच करत गेले. मग मी भिंतीले कान लावून बसत होती."

आणि मीराबाईंनी टिटवीची चाल गुणगुणायला सुरुवात केली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक सूरही न चुकता. रुपराव भिंतीकडे तोंड करून रडले.

त्यानंतर मीराबाई रोज त्यांच्या डाव्या बाजूला बसू लागल्या. माझे डावे टोक त्यांच्या हातात, उजवे रुपरावांच्या. पहिल्यांदा भाता दोघांनी दोन तऱ्हेने ओढला आणि मी म्हशीसारखा हंबरलो. दोघे खूप हसले. रुपराव बटणे दाखवत गेले आणि हळूहळू जमले. माझ्या आयुष्यातला तोच काळ सुखाचा, पण तो फार लहान होता. थंडी सुरू होताना रुपराव गेले.

मीराबाईंनी मला आपल्या खोलीत नेले. त्यांना फक्त डावी बाजू येते. उजवी बटणे त्यांनी रोज पुसली, पण दाबली कधी नाहीत. सलग वाजणाऱ्या त्या चाली आता अर्ध्याच उरल्या आहेत. हातमागाची चाल तर मलाही नीट आठवत नाही.

गेल्या रविवारी मात्र त्या मला घेऊन उमरेडच्या एसटीत बसल्या. एका शेतात बाया कापूस वेचत होत्या. एक जण हाक मारायची, लांबून दुसरी उत्तर द्यायची, मधे नुसता वारा. मीराबाई धुऱ्यावर बसल्या. त्यांनी डाव्या बाजूचे दोनतीन सूर घेतले, थांबल्या, पुन्हा घेतले. जवळची बाई ओटीतला कापूस सावरत म्हणाली, "हे कोणतं गाणं होय वं, बाई?"

"नाव नाही अजून," मीराबाई म्हणाल्या. "आताच सुचलं."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने वाद्य असेल तर त्याला पंच्याखाली ठेवू नका. न वाजवलेल्या भात्याला भेगा पडतात. आणि शेजारी कुणी एकटे बसून वाजवत असेल, गात असेल, आणि तुम्हाला ते आवडत असेल, तर भिंतीला कान लावून बसू नका. दार वाजवा आणि त्यांना तसे सांगा.