साक्षीदारांचा तास

माझा स्वभाव मुळातच संशयी. इतिहास शिकवायला तो बरा पडतो, नणंदेशी वागायला नाही. ताई माझ्याच शाळेत विज्ञान शिकवतात. सासूबाईंनी आपली सोन्याची बांगडी लेकीला सोडून मला दिली, तेव्हापासून ताईंचा माझ्या मनगटावर डोळा आहे, अशी माझी खात्रीच होती.

त्या दिवशी आठवीला पुरावा म्हणजे काय ते शिकवायचं होतं. मी ताईंना चोर केलं. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहणार, त्यांनी येऊन टेबलावरची बांगडी उचलून न्यायची, मग मुलांनी पाहिलं ते सांगायचं. ताई आल्या, गेल्या. साक्षी सुरू झाल्या. कुणी म्हणे बाईंना चष्मा होता, कुणी म्हणे नव्हता. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "त्यांनी बांगडी खडूच्या डब्यात टाकली."

"मनाचं सांगू नकोस. बस खाली." ठरलं काय होतं ते मला ठाऊक होतं ना!

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी हात पुढे केला. "द्या ताई."

"अगं, तिथेच डब्यात टाकली. सोनं घेऊन कुठे हिंडू?"

म्हणजे पोरीला पढवून ठेवलं होतं तर! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "नाटकातली चोरी खरी केलीत की हो!" मी सगळ्यांसमोर म्हटलं. बोलणी थांबली. ताईंनी मान खाली घालून वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

सुट्टीनंतर पुन्हा तोच वर्ग. खडू घ्यायला डब्यात हात घातला, तर तुकड्यांखाली बांगडी. पहिल्या बाकावरची मुलगी माझ्याकडेच बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलांना धडा वाचायला सांगून मी धावत शिक्षकांच्या खोलीत गेले. बाकी सगळे तासावर होते. ताई एकट्याच वह्या तपासत होत्या.

"ताई, सापडली. चुकलं माझं. माफ करा."

त्यांनी बांगडीकडे पाहिलंसुद्धा नाही. रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"चोर म्हणालीस तेव्हा सगळे होते," त्या म्हणाल्या. "आता ऐकायला कोण आहे?"

आणि त्यांनी पुढची वही उघडली.