एकशे चार नंबरचा उपास

“मावशी, दोन्ही बश्या सारख्याच कशा दिसतायत?” सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढताच डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “डावी उपाशी ठेवली होती ना?”

मावशींनी उगाचच हातमोजे ओढून नीट केले. दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हिरडीच्या पेशी वाढवण्यात त्यांची चोवीस वर्षं गेली होती. पेशींना वेळच्या वेळी खाऊपिऊ घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. या वेळचं काम मात्र उलटं होतं. पेशींच्या थरावर ओरखडा काढायचा आणि एका बशीला दिवसभर काही द्यायचं नाही. भुकेली पेशी स्वतःतलाच मोडकातोडका भाग खाऊन तगते. अशी पेशी जखम लवकर भरते का, ते बघायचं होतं.

या पेशी ज्या गोठवलेल्या कुपीतून काढल्या होत्या, तिच्यावर नुसता आकडा होता, एकशे चार. तो कुणाचा हे फक्त मावशींना ठाऊक, कारण चिठ्ठी त्यांनीच चिकटवली होती. अक्कलदाढ काढायला आलेल्या त्यांच्या नवऱ्याने हिरडीचा तुकडा हसत हसत दिला होता. “अक्कल तर चालली, हिरडी तरी कामाला येऊ दे!” त्याला जाऊन तीन वर्षं झाली. घशाच्या दुखण्यात शेवटी पाण्याचा घोटही उतरत नव्हता. एकशे चारची कुपी उघडल्यापासून, बश्या ज्या उबपेटीत ठेवायच्या तिचं दार उघडलं की आत तो खाकरल्यासारखा वाटे. काल तर अगदी स्पष्ट ऐकू आलं. हे वेडेपण आहे हे कळत होतं, तरी हात थांबला नाही.

“मीच खायला घातलं,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरचे आहेत ते. पुन्हा उपाशी नाही ठेववलं मला.”

बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. एकशे चारची ती शेवटची कुपी होती.

“अहो मावशी, एका दिवसाच्या उपासाने मरणार नव्हत्या त्या पेशी. आतली आवराआवर करत बसल्या असत्या फक्त.”

मावशींना नवऱ्याने तोंडावर आडवा धरलेला हात आठवला. “बास गं, आता नको.” तो हात बाजूला सारून त्या रोज चमचा पुढे करायच्या. ठसक्याने त्याचे डोळे भरून यायचे, तरी करायच्या. त्याच्यासाठी की स्वतःसाठी, हे त्यांनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

बाई गेल्यावर त्यांनी दोन्ही बश्यांत जंतुनाशक ओतलं. पेशींच्या खाण्याच्या गुलाबी पाण्याचा रंग उडून गेला.

मग त्यांनी रिकाम्या उबपेटीचं दार उघडलं. “नाही भरवत हो आता,” त्या म्हणाल्या, आणि कान देऊन उभ्या राहिल्या. कुणी खाकरलं नाही.