चार वॉर्निशांतला पिवळा चमचा

मी एक प्लॅस्टिकचा चमचा बोलतोय. माझ्या कुळाचं नाव माणसांनी उगाच बदनाम करून ठेवलंय, पण मी कधी कुणाच्या मागेपुढे नाचलेलो नाही. खरं सांगायचं तर मी चमच्याचं कामही कधी केलेलं नाही. आइस्क्रीमचा एक घास नाही की औषधाचा एक थेंब नाही. तरी माझा जन्म वाया गेला असं कुणी म्हणालं तर मी भांडायला उठेन.

जन्म कारखान्यातला. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. मग पाकीट, मग दुकान, मग कुणाच्या तरी वाढदिवसाला एका घरात. माझ्या भावंडांनी आइस्क्रीम खाल्लं आणि रात्रीच कचऱ्याच्या टोपलीत गेली. पाहुणे कमी आले म्हणून आम्ही चौघे तेवढे वाचलो आणि स्वयंपाकघरातल्या त्या खणात पडलो, जिथे रबर बँड, संपलेले सेल आणि कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या चाव्या असतात. असा एक खण प्रत्येक घरात असतो आणि तो आवरायचं काम पुढच्या रविवारी असतं.

आम्हाला तिथून काढलं बाईंनी. गल्लीत त्यांना दातवाल्या बाई म्हणतात, कारण त्या कवळ्या बनवतात. दिवसभर प्रयोगशाळेत बसून लोकांचे दात घडवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन खिडकीजवळच्या टेबलावर छोटी छोटी मॉडेलं करायची, हा त्यांचा क्रम. ट्रक, रोडरोलर, एकदा तर पाण्याची टाकी. त्यांच्या यजमानांना त्या 'अहो' म्हणतात, म्हणून माझ्या लेखी त्यांचं नाव अहोच. अहो म्हणायचे, हिचे हात रिकामे राहिले तर हिला ताप येतो. तक्रार म्हणून म्हणायचे, पण पाहुण्यांना मॉडेलं दाखवायला तेच पुढे असायचे.

त्या दिवसांत टेबलावर एक लाँच होती. बाईंच्या थोरल्या भावाची. म्हणजे दादांच्या मालकीची नव्हे, पण उभा जन्म त्यांनी ती चालवली होती, नदीच्या या काठावरून त्या काठावर. पुढे पूल झाला. माणसं पुलावरून जायला लागली आणि लाँच तोडून भंगारात गेली. तोडली त्या दिवशी दादा काठावर फिरकलेही नाहीत आणि नंतर कधी तिचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही.

आता वहिनीही राहिल्या नव्हत्या. दादा घर विकून लांबच्या शहरात मुलाकडे राहायला निघाले होते. दोनच बॅगा नेणार, बाकी सगळं वाटून टाकणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. बाईंनी मनाशी ठरवलं की लाँच त्यांच्याबरोबर गेली पाहिजे. लाकडाच्या पट्ट्या कापून, तासून त्यांनी ती हातभर लांबीची लाँच उभी केली. एकच काळजी त्यांना पोखरत होती. जेवताना मधेच घास थांबवून त्या अहोंना विचारायच्या, "नेईल ना हो दादा?"

लाँच नवी आली होती तेव्हा पहिल्या फेरीला बाई पुढच्या बाकावर बसल्या होत्या, फ्रॉक घालून. त्यांच्या डोळ्यांसमोर तीच लाँच होती. वर पांढराशुभ्र रंग, खाली हिरवा. पुढे लग्न होऊन त्या नदीपासून लांब गेल्या आणि लाँचमध्ये बसणं म्हणजे क्वचित, तेही अंधार पडल्यावर.

रंग देऊन झाला. आता राहिलं वरचं चकचकीत वॉर्निश, आणि बाईंची झोप उडाली. रंग चुकला तर खरवडता येतो. वॉर्निश चुकलं तर खालचा रंगही घेऊन जातं आणि महिन्यांची मेहनत मातीत. म्हणून त्यांची एक रीत होती. आधी चमच्यावर, मग मॉडेलवर. चमच्याची पाठ होडीच्या पोटासारखी गोल असते, तिच्यावर सगळं खरं खोटं कळतं. आम्हा चौघांना तोच पांढरा रंग दिला, कडेला हिरवी पट्टी ओढली, वाळवलं आणि प्रत्येकाच्या नशिबी एकेक वॉर्निश आलं.

पहिल्याला गाड्यांच्या दुकानातला फवारा मिळाला. तो इतका जहाल की रंगावर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या. दुसऱ्याला मॉडेलांच्या दुकानातलं पाण्याचं वॉर्निश. बाटलीत दुधासारखं दिसायचं, पण वाळल्यावर नितळ काच. तिसऱ्याला अहोंनी स्वतःच्या डोक्यातून काढलेला उपाय, नखांना लावायचं बिनरंगी पॉलिश. ब्रश पुढे सरकायच्या आत ते वाळलं आणि चमच्यावर ओरखडे ओरखडे दिसायला लागले. अहो म्हणाले की लांबून बघितलं तर कळत नाही. बाईंनी त्यांना लांबच उभं राहायला सांगितलं.

चौथा मी. माझ्या वाट्याला आलं हार्डवेअरच्या दुकानातलं लाकडाचं वॉर्निश. डब्यावर 'पारदर्शक' लिहिलं होतं, आत मात्र मधासारखं दाट आणि मधाच्याच रंगाचं. दोन दिवस मी चिकट होतो. धूळ बसली, एक चिलट बसलं ते कायमचंच. वाळलो तेव्हा माझा पांढरा पांढरा राहिला नव्हता. मग बाईंनी मला आणि दुसऱ्याला खिडकीत उन्हाला ठेवलं. दुसरा जसाच्या तसा. मी दिवसेंदिवस पिवळा.

"हे तर पिवळं पडतं," बाई म्हणाल्या आणि मला उचलून हिरव्या रंगाच्या डब्यात ढवळायला ठेवून दिलं. दांडा रंगात, डोकं वर. मला वाईट वाटलं, लपवत नाही. खिडकीत तो दुसरा मिरवत होता आणि मी चिलटासकट रंग ढवळत होतो.

लाँचला दुसऱ्याचं वॉर्निश लागलं. दिसायला देखणी झाली यात वाद नाही. दिव्याखाली धरली की डोळे दिपायचे.

आणि मग दादा आले. निघायला आठवडा राहिला होता, बहिणीकडे जेवायला म्हणून आले. उंच माणूस, हात जाड, बोलणं थोडं. बाईंनी लाँचवरचं फडकं काढलं. दादांनी ती दोन्ही हातांत घेतली, खालून बघितली, वरून बघितली.

"छान केलीस गं चिमणे," ते म्हणाले. "अगदी हुबेहूब." आणि त्यांनी ती खाली ठेवली. मग म्हणाले, "तुझ्याकडेच राहू दे. प्रवासात मोडेल बिडेल."

बाई "बरं" म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. चहाला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ आत नळ वाहत होता. अहोंनी वर्तमानपत्र उघडलं, पण पान काही उलटलं नाही. मला तर वाटलं, आपल्याला डोळे नसते तर बरं झालं असतं.

दादा एकटेच टेबलाशी उभे. रिकाम्या हातांना काय करावं सुचेना, आणि रंगाच्या डब्यावर साय धरलेली त्यांना बघवेना. जुनी सवय. त्यांनी मला धरून रंग नीट ढवळला, मग मला बाहेर काढलं, फडक्याला पुसलं. पुसता पुसता थांबले. मला खिडकीकडे नेलं, उजेडात धरलं, परत उलटं करून धरलं. अंगठा माझ्या पाठीवरून फिरला.

"चिमणे, इकडे ये जरा. हा रंग कुठे मिळाला तुला?"

बाई पदराला हात पुसत आल्या. म्हणाल्या की तो बिघडलेला चमचा आहे, वॉर्निश पिवळं पडलंय त्याचं.

"बिघडलेला कसला? लाँच अशी होती."

मग दादा बोलायला लागले, आणि इतकं बोलताना त्यांना त्या घरात कुणी ऐकलं नसेल. दर वर्षी नदीला पाणी चढायच्या आधी ते लाँचच्या रंगावर वॉर्निशचा एक हात मारायचे, पाण्याच्या शिंतोड्यांनी रंग उडू नये म्हणून. असल्याच डब्यातलं, लाकडाचं. हातावर हात चढत गेले आणि पांढरा रंग कधी सायीचा झाला, कधी लोण्याचा झाला, त्यांनाही कळलं नाही. रोजचे उतारू चिडवायचे की लाँचला कावीळ झाली. दादांना राग यायचा नाही.

"तू केलीस ती नवी लाँच," ते म्हणाले. "नवी होती तेव्हा ती कंपनीची होती गं. अशी झाली तेव्हा माझी झाली."

बाई खाली बसल्या. काही वेळाने त्यांना हसू यायला लागलं आणि ते थांबेना, डोळ्यांतून पाणी वाहिलं तरी थांबेना. दादांनाही कळलं ती कशाला हसतेय. त्यांच्या तोंडातली कवळी तिनेच केलेली.

"माझे दात करताना काय म्हणाली होतीस?" दादांनी विचारलं. "'पांढरेशुभ्र केले तर दादा, ते तुझे वाटणार नाहीत,' असंच ना? आणि माझ्या लाँचला मात्र पावडर फासलीस होय?"

जन्मभर लोकांच्या दातांत बेताचा पिवळेपणा मिसळणाऱ्या बाई, आणि घरच्या लाँचच्या बाबतीत नेमक्या तिथेच फसल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मधाच्या रंगाचा डबा पुन्हा उघडला. पण रीत म्हणजे रीत. काचेसारख्या वॉर्निशवर हे दुसरं बसतंय का, हे आधी बघायला हवं होतं. त्यासाठी खिडकीतल्या त्या मिरवणाऱ्या दुसऱ्याला खाली उतरवलं आणि त्याच्या अर्ध्या पाठीवर माझं वॉर्निश लावलं. मी मजेत बघत होतो. दोन दिवसांत ते नीट वाळलं, सुरकुती नाही की फोड नाही.

लाँचला हात मारायला दादा स्वतः बसले. बाईंनी ब्रश दिला आणि म्हणाल्या, "पातळ मार हं, दादा." दादांनी नुसतं वर बघितलं. ब्रश नाकापासून शेपटीकडे असा एका ओढीत गेला की बाईंनी पुढे सूचना दिली नाही. धूळ बसू नये म्हणून अहोंनी सगळ्यात मोठं पातेलं आणून वर पालथं घातलं. ते बरोब्बर बसलं. नखांच्या पॉलिशची सगळी नामुष्की त्यांनी त्या एका पातेल्यात भरून काढली आणि दिवसातून चार वेळा ते उचलून वाळलंय का बघितलं, तेवढी धूळ मात्र बसलीच.

निघायच्या दिवशी सकाळी दादा दोन बॅगा घेऊन आले. पातेलं उचललं. लाँच आता डोळे दिपवत नव्हती. ओल्या उन्हासारखी नुसती उजळ होती. दादा तिच्यासमोर वाकून बराच वेळ बघत राहिले.

"चिमणे, खोकं आहे का गं?" त्यांनी विचारलं.

घरभर शोधलं, त्या मापाचं खोकं मिळेना. तेव्हा दादांनी एक बॅग उघडली, आतले कपडे काढून पलंगावर टाकले आणि म्हणाले की शर्ट काय, तिकडेही मिळतात. उरलेल्या दोन-चार शर्टांत गुंडाळून लाँच त्यांनी बॅगेत निजवली. बाईंनी चेन लावली. मग दोघं बहीणभाऊ बॅगेवर हात ठेवून तसेच बसले, बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता तरी.

आता मी पुन्हा खिडकीत असतो, ब्रशांच्या पेल्यात. लाँचवरचं वॉर्निश आणि माझ्यावरचं वॉर्निश एकाच डब्यातलं. तिकडे ती पिकत जाते, इकडे मी. फोनवर दादा जेवण झालं का एवढंच विचारतात, माणूसच तसा. फोन ठेवला की बाई मला उचलून उजेडात धरतात आणि अहोंना सांगतात, "लाँच आता एवढी झाली असेल बघा."

एकच विनंती आहे. मागच्या आठवड्यात अहोंनी मला खरकटा समजून भांड्यांत टाकलं होतं आणि घासणीही उचलली होती. बाई धावल्या म्हणून मी वाचलो. तर तुमच्या घरात कुठे असा पिवळा पडलेला, पाठीवर चिलट चिकटलेला चमचा दिसला, तर त्याला घासून पांढरा करू नका. आधी विचारा, हा कुणाचा आहे.