सायकलच्या दुकानावरच्या वकीलबाई

गेल्या हिवाळ्यापासून सासूबाईंचा पाय जमिनीला लागला नव्हता. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. गुडघ्यांनी संप पुकारला तसा त्यांचा सगळा संसार खिडकीशी येऊन थांबला. आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, पोटासाठी करतो काय, तर लिफ्टदुरुस्ती.

"सगळ्या गावाला वर-खाली नेतोस," त्या शेंगा सोलता सोलता म्हणायच्या, "आईला तेवढं वरच अडकवून ठेवलंस."

"आई, शोधतोय ना घर."

"शोध, शोध. मी कुठे जातेय? जायचं म्हटलं तरी जिना आहे."

सासूबाईंना एक खोड आहे. मनात काही दाटलं की त्या दोन ओळी जुळवतात आणि गुणगुणतात. कोणाला ऐकवायला नाही. हात जसे शेंगा सोलतात तसं त्यांचं मन ओळी सोलतं. त्या दिवसांत एकच जोडी ऐकू यायची.

चौथ्या मजल्यावरून दिसे पाखराची पाठ,
मला दाखवा गं कोणी माझ्या अंगणाची वाट.

पाखराची पाठ! मी कपड्यांच्या धुलाईच्या दुकानात दिवसभर इस्त्री फिरवते. वाफेत उभी असले तरी ती पाठ डोळ्यांसमोरून हलायची नाही. आपण पाखरं खालून बघतो, पोटाकडून. जो माणूस वर्षभर त्यांची पाठच बघतोय, त्याला खाली उतरवायलाच हवं होतं.

घर सापडलं ते शाळेमागच्या गल्लीत, अगदी टोकाला. बैठं, जुनं, पण भिंती धडधाकट. पुढच्या दाराला उंच पायऱ्या होत्या. मागची खोली मात्र थेट अंगणाला टेकलेली, उंबरा बोटभर. पलंगावरून पाय खाली सोडले की चार पावलांत माती. मी त्या खोलीत उभी राहिले आणि मनातल्या मनात सासूबाईंचा पलंग लावूनही टाकला. डोकं भिंतीकडे, तोंड दाराकडे. हाताच्या वितींनी मापही घेतलं.

अंगणात एक म्हातारी लिंबाच्या झाडाला पाणी घालत होती. आमच्याकडे तिने बघितलंही नाही.

"झाडांचं वेड आहे तिला," घरमालक किल्ल्या खुळखुळवत म्हणाले. मऊ बोलणारा माणूस. "येते पाणी घालायला."

मला वाटलं, शेजारची असेल. मनात म्हटलं, बरं झालं, आईंना गप्पांना कोणीतरी मिळेल.

आता वकील हवा होता. नवऱ्याच्या कामावरच्या एका मित्राने शहरातल्या मोठ्या ऑफिसचा नंबर दिला. सगळं फोनवर, कागद फोटो काढून पाठवायचे, कोणाचं तोंड बघायची गरज नाही.

"तोंड नाही बघायचं?" सासूबाईंनी शेंग खाली ठेवली. "अरे, भाजी घेताना बोटाने दाबून बघतोस. आणि घर घ्यायचं न बघितलेल्या माणसाच्या भरवशावर? इथला वकील बघ. चुकलाच तर निदान त्याच्या दारात जाऊन भांडता येईल."

"तू भांडायला उतरणार आहेस का चार जिने?"

"तेवढ्यासाठी उतरेन."

इथला वकील म्हणजे काका वकील. त्यांचं खरं नाव कोणी घेत नाही. न्यायाधीशसुद्धा चुकून काका म्हणून जातात असं लोक सांगतात. गावातली निम्मी घरं त्यांच्या हाताखालून इकडची तिकडे झालेली. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं ऑफिस, थंड आणि काळोखं, भिंतभर कपाटं, आणि पाहुण्यांसाठी एक खुर्ची जी करकरते म्हणून सगळे तिच्यावर जपून बसतात.

काकांनी आमची चौकशी केली, सासूबाईंचे गुडघे विचारले, पाणी दिलं. मग पेनाचं टोपण काढून कागद पुढे ओढला. "हं. कुठलं घर?"

नवऱ्याने सांगितलं. शाळेमागची गल्ली, शेवटचं, लिंबाचं झाड आहे ते.

काकांनी पेनाचं टोपण परत लावलं. सावकाश, टक् असा आवाज येईपर्यंत.

"हे काम मला घेता येणार नाही."

"का?"

"त्या घराचं काम माझ्याकडेच असतं. आधीपासून. दोन्ही बाजूंनी मी कसा बसणार?"

"मग तुम्हाला घराबद्दल सगळं माहीत असेल," मी म्हटलं.

"त्यांचं जे माहीत आहे ते त्यांचं आहे."

नवरा पुढे सरकला, खुर्ची करकरली. "म्हणजे काही गडबड आहे?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग सगळं ठीक आहे?"

"तसंही म्हटलं नाही." काका खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सायकलच्या दुकानाच्या माडीवर एक बाई बसतात. वकील आहेत. आमचं मुळीच पटत नाही. त्यांच्याकडे जा."

"पटत नाही, आणि तुम्ही त्यांच्याकडे पाठवताय?"

"म्हणूनच पाठवतोय," काका म्हणाले आणि आम्हाला सोडायला दारापर्यंत आले.

रस्त्यावर आल्या आल्या नवरा उखडला. "विकणाऱ्याचा माणूस हा! हा सांगणार आणि आपण त्याने सुचवलेल्या वकिलाकडे जायचं? दोघं आतून एक असतील. शहरवालाच बरा, त्याला इथलं कोणीच ओळखत नाही."

मला राहून राहून ते टोपण दिसत होतं. पैसे मिळवून देणारं काम हातात आलं होतं, आणि तो माणूस ते परत करत होता. वर ज्या बाईशी भांडण, तिच्या पदरात टाकत होता. खोटं बोलणाऱ्याला एवढी मेहनत कशाला पडली असती?

घरी सगळी हकिकत सांगितली. सासूबाई ऐकत राहिल्या. मग त्यांच्या ओठांवर हलकेच हसू फुटलं.

काका वकील गप्प, त्यांचं टोपण बोललं,
न सांगता सारं पोरी, कळायचं ते कळलं.

"काय कळलं?" नवरा म्हणाला. "मला तर काहीच कळलं नाही."

"तू लिफ्ट दुरुस्त कर," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, तू जा त्या बाईंकडे."

जिना अरुंद, रबर आणि ग्रीसचा वास थेट माडीपर्यंत. वकीलबाई पन्नाशीच्या, केस आखूड, टेबलावर पंक्चरच्या डबीत टाचण्या. "काकांनी पाठवलं?" त्यांनी भुवई चढवली. "म्हणजे गोष्ट सरळ नाही. सरळ काम ते मला कधी देत नाहीत."

मी पिशवीतून कागद काढायला लागले तर त्यांनी हात आडवा केला. "कागद बघणारच आहे. कागद पळून जात नाहीत. आधी घर बघते. मागच्या दारापाशी चपला कोणाच्या आहेत ते बघायचंय."

"चपला?"

"बाई, घर कोण विकतंय ते पुढच्या दारावर लिहिलेलं असतं. घरात कोण राहतंय ते मागच्या दाराशी कळतं."

घरमालकांना त्यांनी सरळ निरोप धाडला, खरेदी करणाऱ्यांची वकील येतेय म्हणून. लपवाछपवी नाही. मालक किल्ल्या घेऊन पुढच्या पायऱ्यांवर उभे होते. बाई त्यांना नमस्कार करून घराला वळसा घालून थेट मागे गेल्या. मी त्यांच्या मागे.

बोटभर उंबऱ्याशी चपलांचा एकच जोड होता. ओला. उजव्या चपलेला अंगठ्यापाशी पातं लावून भोक पाडलेलं, सुजलेल्या बोटाला जागा व्हावी म्हणून. मी इतक्या वेळा त्या दारातून आत-बाहेर केलं होतं. चपला दिसल्याच नव्हत्या. पलंग मात्र दिसला होता, जो तिथे नव्हताच.

लिंबाखाली म्हातारी बसली होती.

"आत्या," वकीलबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, "रात्री पाठ कुठे टेकता?"

"कुठे म्हणजे?" म्हातारी खेकसली. "ह्या खोलीत. माझे केस काळे होते तेव्हापासून. ह्याच्या बापाची मी बहीण. घर बांधताना विटा वाहिल्यात मी, ह्या डोक्यावरून. भाऊ म्हणाला, मागची खोली तुझी, मरेपर्यंत. आता कोणी लोक बघायला आले की हा माझी गादी पुढे नेऊन ठेवतो. मला सांगतो, आत्या, तू जरा बाहेर बस. बसते."

घरमालक कोपऱ्यावर येऊन उभे राहिले होते. किल्ल्यांचा आवाज बंद झाला होता.

"मी तिची सोय करणारच होतो," ते म्हणाले. "दुसरीकडे. चांगल्या ठिकाणी."

आत्या त्यांच्याकडे न बघता झाडाच्या आळ्यात पाणी ओतत राहिली.

परत येताना वकीलबाई सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होत्या. "भावाचा शब्द तोंडी आहे. तो कोर्टात किती टिकेल ते मी आज सांगू शकत नाही. पण घर घेतलंत तर ती त्यात आहे. तिला तुम्ही ठेवाल, नाहीतर तुम्ही काढाल. ह्यांनी विकून टाकलं की काढणारे तुम्हीच. काकांना हेच सांगता येत नव्हतं."

"आणि तीच खोली आम्हाला हवी होती," मी म्हटलं. "बाकी घराला पायऱ्या आहेत."

"ते मला कायद्याने सोडवता येत नाही," त्या म्हणाल्या आणि सायकलवर बसून गेल्या.

संध्याकाळी आमच्या घरात कोणी कोणाकडे बघत नव्हतं. नवरा म्हणाला, दुसरं घर बघू. मग म्हणाला, असं घर परत मिळायचं नाही. सासूबाईंनी त्या दिवशी ओळी जुळवल्या नाहीत.

सकाळी त्या म्हणाल्या, "मला खाली ने. मला ती बाई बघायचीय."

नवऱ्याने कामावरचे दोघे मित्र आणले. खुर्चीत बसवून, पट्ट्याने बांधून, एकेक पायरी मोजल्यासारखी टेकवत त्यांनी सासूबाईंना चार जिने उतरवलं. दर वळणावर त्या म्हणत होत्या, "हळू रे, मी काही तुमची मोटर नाही."

रिक्षाने शाळेमागच्या घरी नेऊन अंगणात खुर्ची ठेवली. सासूबाईंनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय मातीवर ठेवले. काल रात्री पाणी घातलेली ओली माती. त्यांनी डोळे मिटले. बोटं आत रुतवली, जशी कणीक तिंबताना हाताची रुतवावीत.

आत्या दारातून बघत होती. "खोली बघायला आलात?"

"खोली नाही हो. अंगण."

"अंगणही माझंच आहे."

"असू द्या. पाय तेवढे माझे आहेत."

आत्याने त्या रुतलेल्या पायांकडे बघितलं. मग आत गेली, आणि तिने एक पाट आणून सासूबाईंच्या पायांशी सरकवला. "थंडी बाधेल. त्यावर ठेवा. आणि झाडाला टेकू नका, काटे आहेत."

नवरा पुढच्या पायऱ्यांकडे निघून गेला होता. बऱ्याच वेळाने मी बघायला गेले तर तो गुडघ्यांवर बसून टेपने उंची मोजत होता. "उतार बसेल," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "बाजूने, लांब घेऊन. कठडा लावून. आईला पुढची खोली. रोज मागे अंगणात यायला मी घराच्या बाजूने सपाट, पक्की वाट करून देतो."

"चार पावलांऐवजी चाळीस होतील."

"होऊ देत. तिला चालायलाच सांगितलंय डॉक्टरांनी."

दुपारी आम्ही सगळे सायकलच्या दुकानात उभे. सासूबाईंना जिना चढायचा नव्हता, म्हणून वकीलबाईच खाली आल्या आणि ट्यूबांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसल्या.

"आधी त्या बाईंचं लिहा," सासूबाई म्हणाल्या. "मागची खोली त्यांची, मरेपर्यंत. मग आमचं लिहा."

"मालक कुरकुरतील."

"मालकांना घर विकायचंय ना?"

वकीलबाई हसल्या. "काकांशी बसावं लागेल मला. महिनाभर भांडतील अर्धविरामावरून."

भांडले. खरंच भांडले, त्यांचे आवाज बाजारात ऐकू यायचे. घरमालक मधे दोनदा उठून गेले आणि दोनदा परत आले. शेवटी काकांच्या त्या काळोख्या ऑफिसात आम्ही सगळे जमलो. वकीलबाईंनी खरेदीखत मोठ्याने वाचलं. मागच्या खोलीची ओळ आली तेव्हा आत्याने मान वर केली. "परत वाचा," ती म्हणाली. बाईंनी परत वाचली.

काकांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं, आणि सगळ्यांत आधी पेन आत्याच्या हातात दिलं. वकीलबाईंकडे बघून म्हणाले, "तुमचा अर्धविराम अजूनही चुकीचा आहे."

"असू दे," बाई म्हणाल्या.

आता सासूबाई रोज उतारावरून, कठडा धरून, घराला वळसा घालून अंगणात जातात. वेळ लागतो. आत्या ओरडते, "उशीर झाला!" काल दोघी लिंबाखाली बसल्या होत्या, पाय पाटावर. सासूबाईंनी सूर लावला,

एक अंगण दोघींचं, एक लिंबाची सावली...

आणि अडल्या. बराच वेळ शोधत राहिल्या.

"पुढचं जुळत नाहीये तुमचं," आत्या म्हणाली. "उद्या बघा."